‘लिफ्ट बंद आहे’ या लेखाचं परीक्षण

कवळीवाल्यांनी मेण कोरायची सुरी खाली ठेवली, हेडफोन कानांवर नीट बसवला आणि गाणं पुन्हा शेवटच्या कडव्यापाशी नेलं. गायक धापा टाकत जिना चढत होता. पडद्यावरच्या लेखात म्हटलं होतं, ‘या कडव्यात गायकाने मुद्दाम दम लागल्यासारखा आवाज काढला आहे.’ कवळीवाल्यांनी शेजारच्या चौकटीत टाईप केलं, ‘मुद्दाम कशावरून? खरंच दम लागला नसेल कशावरून? संदर्भ हवा.’ एवढं लिहून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं आणि ते पुढच्या वाक्याकडे वळले.

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दाताच्या डॉक्टरांकडून आलेल्या मापांवरून कवळ्या आणि कॅपा घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून गल्लीनं ठेवलेलं ते नाव. घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली ही त्यांची लॅब. भिंतीभर फळ्या, आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकाला दवाखान्याची चिठ्ठी अडकवलेली. नवा माणूस आत आला की कुठे बघावं हे त्याला कळत नसे. त्यांची मुलगी लहानपणी म्हणायची, आपण जेवायला वर गेलो की हे सगळे मिळून आपली चेष्टा करतात. कवळीवाले म्हणायचे, करू देत, जिभा कुठे आहेत त्यांना.

दिवसभर लोकांचे दात घासूनपुसून झाले की उरलेल्या वेळात ते इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात लोकांच्या लेखांचे दोष काढत बसत. तो ज्ञानकोश कुणीही येऊन लिहावा असा. लिहिणाऱ्यांना ना पैसे, ना मान, आणि नावं बहुतेक सगळी टोपण. कवळीवाल्यांनी आपलं नाव ‘खुसपट’ ठेवलं होतं, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत. एखादा लेख ‘निवडक’ म्हणून पहिल्या पानावर यायचा तर आधी कुणीतरी तिऱ्हाइतानं त्याचं परीक्षण करावं लागे, आणि खुसपटच्या हाताखालून गेलेल्या लेखाकडे मग दुसरं कुणी वाकून बघत नसे. तिथला नियम साधा होता. मला माहीत आहे, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, हे चालत नाही. कुठेतरी छापून आलेलं दाखवावं लागतं. ‘संदर्भ हवा’ हे दोन शब्द कवळीवाल्यांनी इतक्या वेळा लिहिले होते की तितक्या वेळा स्वतःची सहीसुद्धा केली नसेल.

ही सवय घरातही शिरली होती. बायको म्हणाली, दूध नासलंय, की हे उठून वास घ्यायचे. ती म्हणाली, शेजारची मुलगी माहेरी परत आलीय, की हे विचारायचे, कोण म्हणालं? पुढे पुढे ती एखादी गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायची आणि म्हणायची, जाऊ दे, संदर्भ नाहीये माझ्याकडे. मग तोंडावर हात ठेवून हसायची. तेव्हा कवळीवालेही हसत. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती, आणि ते वाक्य आठवलं की त्यांच्या हातातलं काम थांबत असे. तिनं अर्धवट सोडलेल्या गोष्टी नेमक्या कुठल्या होत्या, हे आता कुणाला विचारणार?

‘लिफ्ट बंद आहे’ एका जमान्यात कुठे वाजलं नसेल! मुलगा मैत्रिणीला भेटायला येतो, खाली पाटी दिसते, म्हणून जिन्यानं निघतो. दर कडव्याला एक मजला, आणि दर मजल्यावर त्याची एकेक बढाई कमी होत जाते. अगदी वर पोचल्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात, दार उघडल्याचा आवाज येतो, एक मुलगी हसते आणि गाणं संपतं. रेडिओवाल्यांना वेळेची घाई, ते हसण्याच्या आधीच जाहिरात लावून मोकळे होत, त्यामुळे गाणं तोंडपाठ असलेल्या कितीतरी लोकांना ते कशावर संपतं हे माहीत नव्हतं.

लेख लिहिला होता ‘चकटफू’ नावाच्या कुणीतरी. पुरुष की बाई, तरुण की म्हातारं, काही पत्ता नाही. कवळीवाले आपले ‘तुम्ही’ म्हणून सुटत. पण लिहिणाऱ्याचा जीव त्या गाण्यात अडकला होता हे ओळीओळीत दिसत होतं. जुनी मासिकं धुंडाळली होती, गिटार कुणी वाजवलं यावरून दोन वादकांत झालेलं भांडण खुबीनं सोडवलं होतं. आठवडाभर कवळीवाले खोड काढत होते आणि चकटफू न कुरकुरता दुरुस्त करत होतं. असा लेखक मिळणं म्हणजे नशीब, असं खुसपटनंही मनात कबूल केलं होतं. आता एकच परिच्छेद उरला होता.

त्या परिच्छेदात हे वाक्य होतं: ‘गाण्याच्या शेवटी ऐकू येणारे हसू स्टुडिओत टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीचे आहे. तिला कुणी हसायला सांगितले नव्हते. तिला खरेच हसू आले.’ पुढे बारीक आकड्यात संदर्भ, एका वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी.

कवळीवाल्यांनी वाक्य वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. परिच्छेदाच्या वर स्टुडिओचं नाव होतं. लग्नाच्या आधीच्या वर्षी त्यांची बायको त्याच स्टुडिओत फोन घ्यायला बसत असे.

त्यांना चपलांचं दुकान आठवलं. मुलगी तेव्हा शाळेत होती, तिचे बूट घेतले होते, आणि दुकानात हेच गाणं लागलं होतं. बूट घेऊन ते दोघं बाहेर पडले, आणि बायको काही येईना. मागे वळून बघतात तर ती काउंटरपाशी पिशवी धरून उभी, वर लावलेल्या स्पीकरकडे मान करून. यांनी हाक मारली. ती म्हणाली, येते, संपू दे. बाहेर आल्यावर तिनं विचारलं होतं, "शेवटी कशी हसते हो ती?" आणि कवळीवाले म्हणाले होते, "पैसे मिळतात म्हणून हसते." ती त्यावरही हसली होती, तोंडावर हात ठेवून.

स्टुडिओत फोन घेणाऱ्या मुली चार असतात, त्यांनी स्वतःला सांगितलं. आज एक असते, उद्या दुसरी. आणि खुसपटचं काम हसण्याचा विचार करत बसायचं नाही, संदर्भ तपासायचं आहे. त्यांनी पुरवणीतला तो लेख उघडला. जुन्या गाण्यांच्या गमतीजमती सांगणारा, चहाबरोबर वाचून विसरून जायचा मजकूर. त्यात हसण्याची गोष्ट होती, आणि शेवटी तेच शब्द होते: तिला खरंच हसू आलं. कवळीवाल्यांच्या भुवया वर गेल्या. बातमीदाराला हे कुणी सांगितलं, गायकानं, ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं, काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी लेखाची तारीख पाहिली आणि ज्ञानकोशात जुने बदल जपून ठेवलेले असतात ते पान उघडलं. कुणी, कधी, कुठला शब्द घातला किंवा काढला, सगळं तिथे असतं.

संशय खरा निघाला. हसण्याचं ते वाक्य ज्ञानकोशात आधी आलं होतं, पुरवणीत नंतर. कुणीतरी येऊन ते तेव्हाच्या त्रोटक लेखात बिनसंदर्भाचं लिहून ठेवलं, बातमीदारानं इथून उचललं, आणि पुढे चकटफूनं प्रामाणिकपणे बातमीदाराचा दाखला दिला. म्हणजे वाक्य स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवून उभं होतं. ज्ञानकोशवाल्यांना या प्रकाराची फार भीती, कारण वरवर बघणाऱ्याला हे कधीच कळत नाही. एरवी असं काही सापडलं की कवळीवाल्यांना घबाड मिळाल्याचा आनंद होत असे.

मूळ वाक्य घालणाऱ्यानं नाव नोंदवलेलं नव्हतं. अशा वेळी नावाच्या जागी त्या माणसाच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक दिसतो. कवळीवाल्यांनी तो पाहिला, आणि एकेक आकडा करत पुन्हा वाचला. तो क्रमांक त्यांच्या लॅबचा होता. दवाखान्यांकडून दातांच्या फायली थेट याव्यात म्हणून त्यांनी कायमच्या क्रमांकाची जोडणी घेतली होती, आणि मागे एकदा ते स्वतः नाव न नोंदवता बदल करून बसले होते, तेव्हा हाच क्रमांक जगजाहीर झाला होता. तो त्यांना पाठ होता.

मग त्यांनी तारीख पाहिली. बायकोला जाऊन तेव्हा पंधरवडा झाला होता.

रविवारची दुपार, खिडकीतून चांगलं ऊन आत आलेलं, आणि तरीही कवळीवाल्यांना मागे वळून बघायचा धीर होईना. फळ्यांवरचे जबडे मागे होते. या खोलीत, या टेबलावर, ती गेल्यानंतर कुणीतरी बसून तिच्याविषयी लिहिलं होतं, आणि वाक्याची ठेवण तिची होती. ‘तिला खरेच हसू आले.’ ती असंच बोलायची, कुणी न विचारता खुलासा केल्यासारखं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना वाटलं की तिनंच लिहिलं. सांगता सांगता सोडून दिलेली एक गोष्ट तिला पुरी करायची होती, आणि या वेळी संदर्भ मागायला समोर कुणी नव्हतं.

मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मुलीला फोन लावला. त्या दिवसांत ती महिनाभर इथे राहायला होती, हे त्यांना उशिरा सुचलं.

मुलगी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायची. कुणाची गाडी खरंच ठोकली गेली, कुणाचं छप्पर आधीपासून गळत होतं, हे कागदांवरून ओळखायचं तिचं काम. शंका काढणं घराण्यातच होतं. फोन उचलल्यावर तिनं आधी जेवलात का ते विचारलं, गोळ्या घेतल्या का ते विचारलं. कवळीवाल्यांनी दोन्हींना हो म्हटलं.

"ठकू, तू कधी ज्ञानकोशात काही लिहिलंयस?"

पलीकडे नळ चालू होता तो बंद झाला.

"सापडलं वाटतं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नातवंडानं मोबाइलवर हे गाणं लावलं होतं. नर्स बंद करायला सांगत होती. आई म्हणाली, राहू दे, संपू दे. आणि संपल्यावर म्हणाली, ती मी. गायकाला काही केल्या दम लागल्याचं सोंग जमेना, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं वैतागून त्याला खरोखर जिन्यावरून वरखाली पळवलं. शेवटच्या खेपेला तो आला तो केस कपाळाला चिकटलेले, एक बूट कुठेतरी राहिलेला. फोन सोडून दार उघडलं ते आईनं. त्याला तसा बघून तिला हसू फुटलं, आणि आत सगळं चालूच होतं. नंतर कुणीतरी म्हणालं, राहू दे हे, छान आहे. बस्, एवढीच गोष्ट.

कवळीवाल्यांची नजर पडद्यावरच्या आपल्याच शेऱ्यावर गेली. खरंच दम लागला नसेल कशावरून?

"औषधांचा अंमल होता तिच्यावर तेव्हा," ते म्हणाले.

"होता."

"मग हे खरंच घडलं कशावरून?"

"म्हणूनच तिनं तुम्हाला सांगितलं नाही, बाबा."

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. कवळीवाल्यांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी तिला सगळा घोळ समजावून सांगितला, वाक्य आधी, पुरवणी नंतर, आणि पुरवणीचाच दाखला. तिनं ऐकून घेतलं. असले प्रकार ती रोज पकडायची.

"काढणार का?"

"काढावं लागेल."

"तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

"मला माहीत होतं ते नियमात बसत नाही," ती म्हणाली. "पण तिची साडी नाही, चष्मा नाही, सगळं देऊन टाकलं होतं आपण. मला वाटलं, कुठेतरी असू दे ती."

फोन ठेवल्यावर कवळीवाल्यांना एक जुना बदल आठवला. काही वर्षांपूर्वी एका जुन्या नटाच्या लेखात कुणीतरी घातलं होतं, ‘त्यांचे नाचाचे बूट माझे वडील शिवत असत.’ कवळीवाल्यांनी ते एका झटक्यात उडवलं. त्या माणसानं परत घातलं. यांनी परत उडवलं, आणि खाली सुनावलं की हा ज्ञानकोश आहे, घरचा अल्बम नव्हे. त्यानंतर तो माणूस पुन्हा आला नाही. त्याचे वडील खरंच बूट शिवत असतील, ही शक्यता खुसपटच्या डोक्यात आली नव्हती असं नाही. पण तिचं काय करायचं हे नियमात लिहिलेलं नव्हतं. आता आपल्या घरचं वाक्य ठेवायचं, तर त्या माणसाला कुठे शोधून त्याचं वाक्य परत द्यायचं?

ते उठले आणि वरच्या फळीवरून, सगळ्या चिठ्ठ्यांच्या मागून, एक जबडा काढला. त्याला चिठ्ठी नव्हती. प्लॅस्टर म्हाताऱ्या माणसाच्या नखासारखं पिवळं पडलं होतं.

बायकोला भेटण्याआधी कवळीवाल्यांना तिचे दात भेटले होते. दवाखान्यातून माप आलं होतं, वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली रुंद फट, ती दोन कॅपा बसवून बुजवायची होती. माप उत्तम होतं, पण दातांचा रंग मापावरून कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी मुलीलाच लॅबमध्ये पाठवलं. कवळीवाल्यांनी चिनी मातीच्या दातांची पट्टी हातात घेतली, तिला उजेडात बसवलं आणि कामातल्या ठरलेल्या आवाजात म्हटलं, "जरा हसा बघू." तिनं ओठ घट्ट मिटून मान हलवली. फट दिसेल म्हणून ती कुणासमोर हसत नसे. शेवटी तिनं एका बोटानं ओठ जेमतेम वर उचलला आणि त्यांनी घाईघाईनं रंग जुळवला. कॅपा बसल्या त्या इतक्या बेमालूम की डॉक्टरांनी फोन करून शाबासकी दिली. आभार मानायला ती पुन्हा आली, आणि मग येतच राहिली. तोंडावर हात ठेवायची सवय मात्र गेली नाही.

म्हणजे फट बुजवली ती त्यांनीच. गाण्यातली मुलगी त्याच्या आधी हसली होती. ती तीच असेल तर ते हसू कवळीवाल्यांनी या गाण्याबाहेर उभ्या आयुष्यात एकदाही ऐकलेलं नव्हतं, आणि ओळखायचं म्हटलं तरी ओळखू येणार नव्हतं. याच गोष्टीचं त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं एका घरात काढून, तिचं कुणालाही ऐकता येणारं हसू तेवढं त्यांना परकं होतं.

त्यांनी हेडफोन लावला आणि आवाज होता तितका वाढवला. दार उघडलं. मुलगी हसली, आधी दबकत आणि मग न आवरून. हसू ओसरताना उरलेला श्वास बाहेर पडला, आणि त्या श्वासात अगदी बारीक अशी शीळ होती. दाराच्या करकरीत ती सहज बुडून जावी इतकी बारीक. एवढे दिवस ऐकूनही ती त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी पुन्हा ऐकलं. शीळ होती.

कवळीवाल्यांनी हेडफोन काढला. प्लॅस्टरचा जबडा दोन्ही हातांत धरून त्याची टाळूकडची बाजू त्यांनी ओठांपाशी आणली आणि फटीवर हळूच फुंकर घातली. नुसती हवा गेली. जबडा थोडा कलता करून त्यांनी पुन्हा फुंकलं. या वेळी काहीतरी वाजलं, बारीक, कोरडं. तीच शीळ म्हणावी तर तीच. नाही म्हणावं, तर कुठल्याही फटीतून वारा गेला की असाच वाजतो. पुरावा म्हणून हे टिकलं नसतं. दुसऱ्या कुणी आणलं असतं तर त्यांनी स्वतःच परत पाठवलं असतं. त्यांच्या ओठांना प्लॅस्टरची भुकटी लागली होती. ती न पुसता ते खुर्चीत बसले आणि त्यांना रडू आलं. फळ्यांवरच्या सगळ्यांच्या देखत ते रडले.

मग तोंड धुऊन आले आणि परीक्षण लिहायला घेतलं.

‘शेवटच्या परिच्छेदातील हसण्याविषयीचे वाक्य काढून टाकावे,’ त्यांनी लिहिलं. ‘दिलेला संदर्भ ग्राह्य नाही. वर्तमानपत्राने हा मजकूर याच ज्ञानकोशातून घेतलेला दिसतो. मूळ वाक्य एका अनोंदणीकृत व्यक्तीने संदर्भाविना घातले होते. त्या व्यक्तीशी माझे नाते आहे, हे येथे नमूद करतो.’ शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि राहू दिलं.

खाली नवा मुद्दा घातला: ‘गाणे कसे संपते, याचे वर्णन लेखात नाही. पुढील मजकूर सुचवतो. गाण्याच्या अखेरीस वाद्ये थांबतात, दार उघडल्याचा आवाज येतो आणि एक मुलगी हसते. हसणे ओसरताना तिच्या पुढच्या दातांच्या फटीतून श्वासाची बारीक शीळ ऐकू येते.’

इथे ते थांबले. दातांची फट ऐकू येत नाही. ऐकू येते ती शीळ. फट त्यांना माहीत होती, आणि आपल्याला माहीत आहे हा काही संदर्भ नव्हे. त्यांनी ‘तिच्या पुढच्या दातांच्या फटीतून’ एवढे शब्द निवडले, त्यांच्याकडे बघत बसले आणि खोडले. उरलेलं पाठवून दिलं.

चकटफूचं उत्तर तासाभरात आलं. आधी लांबलचक माफी होती, पुरवणीच्या तारखेकडे लक्ष गेलं नाही याबद्दल. ते वाक्य आपलं फार लाडकं होतं, खरं सांगायचं तर सगळा लेख त्या वाक्यासाठीच लिहायला घेतला होता, पण ठीक आहे, काढलंय. नातं कुठलं, ते चकटफूनं विचारलं नव्हतं. खाली मात्र एक ओळ होती, आणि ती वाचून कवळीवाल्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

‘शिळेचं वाक्य छान आहे. पण संदर्भ हवा.’

कवळीवाल्यांनी उत्तर लिहिलं. गाण्यात जे कुणालाही ऐकू येतं त्याला दुसऱ्या कुणाचा दाखला लागत नाही. नियमांतच तसं आहे. ‘संदर्भ म्हणून गाणेच द्या. मात्र आवाज वाढवून, शेवटपर्यंत ऐकावे लागेल.’

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी मेणाचा पसारा आवरला, सुरी जागेवर ठेवली, उद्याच्या कवळ्या ओळीनं लावल्या. पिवळा जबडा फळीवर परत गेला नाही, टेबलावरच राहिला. मग पडद्यावर दोन शब्द उमटले.

‘ऐकली. आहे.’

लेखात नवं वाक्य आलं होतं. आता ते तिथे राहणार होतं; त्यात काढण्यासारखं कुणालाच काही सापडलं नसतं, खुसपटलासुद्धा नाही. कवळीवाल्यांनी ते मुलीला पाठवलं, वर काही न लिहिता. मग हेडफोनची वायर उपसली आणि गाणं पहिल्यापासून लावलं, खोलीभर, मोठ्यानं. मुलगा खाली पाटी वाचून वैतागला. एकेक मजला चढू लागला. त्याची बढाई उतरत गेली, दम भरत गेला. कवळीवाल्यांनी खिडकीजवळची खुर्ची, ज्या खुर्चीत ते रंग जुळवायला लोकांना बसवत, ती उजेडाकडे नीट वळवून ठेवली आणि स्वतः समोर उभे राहिले.

वाद्यं थांबली. दार उघडलं.

"जरा हसा बघू," कवळीवाले हळूच म्हणाले.

आणि ती हसली.